गादी, खुर्ची आणि लेक

 

मागे आपण लेकींच्या वारसा हक्कावर बोललो होतो. ते भाषण एका गटाच्या बैठकीत ऐकवलं, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या चार पांड जमिनीचं ऱ्हाऊ द्या. राजाच्या घरी तरी लेकीला गादी मिळते का, ते सांगा." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण घरी येताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला. मग आम्ही वाचायला बसलो आणि वाचता वाचता पार समुद्रापलीकडे जाऊन पोचलो. आजची गोष्ट तिथली आहे. इंडोनेशिया देशातल्या एका सुलतानाची, त्याच्या मुलाची आणि नातीची.

कुठलं हे गाव?

इंडोनेशिया म्हणजे हजारो बेटांचा देश. त्यातलं एक बेट जावा. जावाच्या दक्षिण किनाऱ्याला योग्यकार्ता नावाचा प्रांत आहे. उत्तरेला मेरापी नावाचा धगधगता ज्वालामुखी आणि दक्षिणेला थेट हिंदी महासागर. मधल्या जमिनीत भातशेती. प्रांत छोटासाच, आपल्या सातारा जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही लहान. पण लोकवस्ती दाट, ३६ लाखांच्या वर.

तिथले लोक बहुतेक मुसलमान आहेत, पण भाषेत आपल्या ओळखीचे शब्द सापडतात. योग्यकार्ता हे नाव अयोध्येवरून आलं असं मानतात. आणि तिथल्या सुलतानांचं पिढीजात नाव आहे हमेंकुबुवोनो. त्यातलं 'बुवोनो' म्हणजे आपलं भुवन. 'भुवनाला मांडीवर घेऊन सांभाळणारा' असा त्या नावाचा अर्थ सांगतात. मांडीवर घेऊन सांभाळणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१७५५ साली हे राज्य उभं राहिलं. पुढे डच लोकांचा अंमल आला. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात संस्थानिक असायचे, तसंच तिथे झालं. राजवाडा सुलतानाचा, पण दोरी डचांच्या हातात.

परक्या घरात वाढलेला मुलगा

आपल्या गोष्टीतले सुलतान नववे. त्यांचा जन्म १२ एप्रिल १९१२ चा. लहानपणचं नाव दोरोजातुन. ते चार वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना राजवाड्याबाहेर काढून एका डच कुटुंबात राहायला ठेवलं. नोकरचाकर नाहीत, लाड नाहीत. आपलं अंथरूण आपण घालायचं, आपलं काम आपण करायचं. त्या घरात त्यांना 'हेंकी' म्हणून हाक मारत. पुढे शिक्षणासाठी ते हॉलंडला, लायडन शहरात गेले.

१९३९ साली युरोपात युद्ध पेटलं आणि वडिलांनी त्यांना परत बोलावलं. बंदरावर घ्यायला आलेल्या वडिलांनी त्यांच्या हाती घराण्याची कट्यार दिली. ती कट्यार देणं म्हणजे वारस नेमणं. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील वारले.

आता गादीवर बसायचं, तर डच सरकारशी करार करावा लागे. तोपर्यंतची रीत अशी, की कागद समोर यायचा आणि नवा सुलतान सही करायचा. सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने मात्र एकेका कलमावर वाद घातला. बोलणी काही महिने चालली. अखेर १८ मार्च १९४० रोजी ते गादीवर बसले. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, की मी पाश्चात्त्य शिक्षण घेतलं असलं, तरी आधी जावाचा माणूस आहे आणि तसाच राहीन.

कालवा खणला, माणसं वाचली

दोन वर्षांत डच गेले आणि जपानी सैन्य आलं. तो काळ फार वाईट. जपानी लोक गावागावांतून धडधाकट माणसं उचलत आणि रेल्वे, रस्ते, खाणी यांच्या सक्तमजुरीला दूर देशी पाठवत. किती तरी परतच आले नाहीत. मागे राहिलेल्या बायांचे काय हाल झाले असतील, ते आपण समजू शकतो.

सुलतानांनी इथे एक युक्ती केली. जपान्यांना हवा होता तांदूळ. सुलतान म्हणाले, आमची जमीन कोरडी, पाणी नाही, तांदूळ कुठून देणार? आधी कालवा खणू द्या, मग पीक वाढेल. जपान्यांनी ते मानलं आणि पैसाही दिला. मग पश्चिमेची प्रोगो नदी आणि पूर्वेची ओपाक नदी जोडणारा सुमारे तीस किलोमीटरचा कालवा खणला गेला. माणसं कालव्यावर कामाला लागली, म्हणजे ती गावातच राहिली. किती तरी घरचे कर्ते पुरुष त्यामुळे परदेशी जाण्यापासून वाचले.

त्या कालव्याचं नाव मातरम कालवा. आजही त्याचं पाणी भाताच्या खाचरांना मिळतं.

राज्य देऊन टाकलं

१७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. आता प्रश्न आला राजेरजवाड्यांचा. आपल्याकडे १९४७ साली काही संस्थानिक कुठे जावं म्हणून अडून बसले होते, हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल. तिथेही तसंच घडत होतं. पुष्कळ राजे डच परत येतील या आशेवर थांबले.

योग्यकार्ताचे सुलतान थांबले नाहीत. ५ सप्टेंबर १९४५ रोजी त्यांनी जाहीर केलं, की आमचं राज्य आता नव्या प्रजासत्ताकाचा भाग आहे. शेजारच्या छोट्या संस्थानाचे राजे पाकु आलम आठवे यांनीही त्याच दिवशी तसंच जाहीर केलं. नव्या सरकारने त्या बदल्यात योग्यकार्ताला 'विशेष प्रांत' म्हणून मान दिला. सुलतान झाले प्रांताचे प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, आणि पाकु आलम झाले त्यांचे दुय्यम.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. आपले राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात आणि रोजचा कारभार मुख्यमंत्री पाहतात. तिथे रस्ते, शाळा, दवाखाने, आपत्तीत मदत हे सगळं गव्हर्नरच पाहतो. म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. सुलतानाचा मुकुट राहिला, पण तो मानापुरता. खरं काम खुर्चीवरचं.

डच खरंच परत आले. तेव्हा १९४६ च्या जानेवारीत नव्या सरकारने राजधानीच योग्यकार्ताला हलवली. सरकारकडे पैसा नव्हता. सुलतानांनी राजवाड्याची तिजोरी उघडली. नवं विद्यापीठ काढायचं होतं आणि इमारत नव्हती, तर राजवाड्याच्या दर्शनी भागातले मंडप वर्गांसाठी दिले. गजा मादा विद्यापीठ तिथे सुरू झालं. राजदरबार भरायचा तिथे मुलं-मुली वह्या घेऊन बसू लागली.

१९ डिसेंबर १९४८ रोजी डच सैन्याने योग्यकार्ता शहर घेतलं आणि राष्ट्राध्यक्षांना कैद करून नेलं. सुलतानांना मात्र हात लावला नाही. उलट, आमच्या बाजूला या, म्हणून गळ घातली. सुलतानांनी राजवाड्याचे दरवाजे लावून घेतले आणि डचांना भेटायलाच नकार दिला. आत स्वातंत्र्यसैनिकांना आसरा मिळत राहिला. पुढच्या वर्षी डचांना जावं लागलं. २७ डिसेंबर १९४९ रोजी जकार्तामध्ये डच अधिकाऱ्याच्या हातून देशाची सत्ता स्वीकारायला प्रजासत्ताकाच्या वतीने उभे होते हेच सुलतान.

तांदूळवाली बाई आणि गाडीवाला

योग्यकार्तातले बाजार बाया चालवतात. डोक्यापाठीवर ओझी वाहणाऱ्याही बायाच. तिथल्या लोकांच्या तोंडी एक गोष्ट आहे. आम्हाला ती फार आवडली.

सुलतानांना स्वतः गाडी चालवायची हौस होती. एकदा ते डोंगराकडच्या रस्त्याने शहराकडे येत होते. वाटेत एका तांदूळ विकणाऱ्या बाईने हात केला. तिला वाटलं, ही नेहमीची भाड्याची गाडी. तिने गाडीवाल्याला सांगितलं, पोती वर चढव. त्याने चढवली. बाजार आल्यावर म्हणाली, उतरव. त्याने उतरवली. मग तिने पैसे पुढे केले, तर गाडीवाला नको म्हणाला. बाईला वाटलं, याला जास्त पाहिजेत. तिने त्याला चांगलंच सुनावलं. गाडीवाला काही न बोलता निघून गेला. जवळच उभ्या असलेल्या पोलिसाने तिला सांगितलं, "बाई, तू कुणाला बोललीस ठाऊक आहे का? ते सुलतान होते." ते ऐकून बाई तिथेच चक्कर येऊन पडली. आणि तिला दवाखान्यात नेल्याचं कळल्यावर सुलतान तिला बघायला गेले, असं सांगतात.

गोष्ट सांगताना लोकांनी तिला थोडं मीठमसाला लावलाही असेल. पण लोक अशी गोष्ट कुणाबद्दल सांगतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जपतात, ते महत्त्वाचं.

नववे सुलतान पुढे देशाचे मंत्री झाले, १९७३ ते १९७८ उपराष्ट्राध्यक्ष होते. या सगळ्या काळात योग्यकार्ताचे गव्हर्नर तेच, रोजचं काम पाकु आलम पाहत. इंडोनेशियात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५५ साली झाली, पण योग्यकार्ताने आपल्या प्रांतिक सभेची निवडणूक १९५१ सालीच घेतली होती. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत असताना सुलतान वारले. १९९० साली देशाने त्यांना 'राष्ट्रीय वीर' म्हणून गौरवलं.

गादी मिळाली, खुर्ची नाही

नवव्या सुलतानांना अनेक राण्या आणि बावीस मुलं. त्यांतले थोरले चिरंजीव ७ मार्च १९८९ रोजी गादीवर बसले. हे दहावे सुलतान. गादी मिळाली, पण गव्हर्नरपद मिळालं नाही. ते काम वयस्क पाकु आलमांकडेच राहिलं.

मग आलं १९९८ साल. देशात बत्तीस वर्षं सुहार्तो यांची एकहाती सत्ता होती. महागाईने लोक मेटाकुटीला आले, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, इतर शहरांत जाळपोळ झाली. २० मे १९९८ रोजी योग्यकार्ताच्या राजवाड्यासमोरच्या मैदानात लाखो लोक जमले. दहाव्या सुलतानांनी आणि पाकु आलमांनी बदलाच्या बाजूने जाहीरनामा काढला. एवढी गर्दी, पण शहर शांत राहिलं. दुसऱ्याच दिवशी सुहार्तो यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी पाकु आलम वारले आणि लोकांच्या आग्रहाने ऑक्टोबरमध्ये सुलतान गव्हर्नर झाले.

पुढे देशातल्या बाकी प्रांतांत लोक मत देऊन गव्हर्नर निवडू लागले. मग योग्यकार्तात का नाही? २०१० साली राष्ट्राध्यक्षांनी लोकशाहीत राजेशाही बसत नाही, अशा अर्थाचं बोलून दाखवलं, तेव्हा योग्यकार्तातले लोकच चिडून रस्त्यावर आले. आम्हाला आमचा सुलतानच गव्हर्नर हवा, म्हणाले. अखेर २०१२ साली कायदा झाला. जो गादीवर असेल तो सुलतान पाच पाच वर्षांसाठी गव्हर्नर. अट एकच ठळक, की त्याने कुठल्याही राजकीय पक्षात असू नये.

याला दुसरी बाजूही आहे. मताने निवडलेल्या माणसाला मताने घरी बसवता येतं, सुलतानाला कसं बसवणार? पुष्कळ जमीन आजही राजवाड्याच्या मालकीची आहे आणि त्यावर राहणारी गरीब माणसं परवानगीवर राहतात. कुलोन प्रोगो भागात वाळूतून लोखंड काढण्याच्या खाणीवरून किनाऱ्यावरचे शेतकरी आणि राजघराणं यांच्यात मोठा वाद झाला. राजा चांगला असला म्हणजे सगळं चांगलं होतं, असं नाही. म्हणून प्रश्न विचारणारे हवेतच.

पाच लेकी

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ.

दहाव्या सुलतानांना राणी एकच, हेमास. २००४ पासून त्या लोकांची मतं घेऊन देशाच्या प्रादेशिक सभागृहात निवडून जात आहेत. आणि मुलं? पाच. पाचही मुली.

आपल्याकडे असं झालं की काय बोलणी ऐकावी लागतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. "वंशाला दिवा नाही." "दुसरी कर." "भावाचा मुलगा मांडीवर घे." सुलतानांच्या घरीही हेच बोललं जात होतं. सुलतानांनी दुसरं लग्न केलं नाही. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी दोन फर्मानं काढली. एकाने स्वतःच्या पदवीतले काही शब्द बदलले. जुन्या पदवीत 'खलिफतुल्लाह' म्हणजे देवाचा प्रतिनिधी हा शब्द होता आणि तो पुरुषालाच लागतो असं मानलं जाई. दुसऱ्या फर्मानाने थोरल्या लेकीला 'मांकुबुमी' ही पदवी दिली. ती पदवी म्हणजे वारसाची वाट मोकळी करणं, असंच सगळ्यांनी मानलं.

सुलतानांचे भाऊ रागावले. त्यांचं म्हणणं असं : सुलतान हा धर्माचाही प्रमुख असतो, बाई कशी होईल? मुलगा नसेल तर गादी भावाकडे जावी, हीच रीत. दुसऱ्या बाजूचे लोक इतिहास काढून दाखवतात. याच देशातल्या आचे राज्यात १६४१ पासून लागोपाठ चार राण्यांनी सुलतान म्हणून राज्य केलं. त्याआधी चौदाव्या शतकात जावावरच मजापहित राज्याच्या गादीवर त्रिभुवना नावाची राणी होती. म्हणजे रीत म्हणतो ती नेमकी कुठल्या काळापासूनची, हा प्रश्न आहेच.

यात कायद्याची एक गंमत बघा. २०१२ च्या कायद्यात गव्हर्नर होणाऱ्याने आपली माहिती द्यावी, असं कलम होतं. शिक्षण, काम, भावंडं, 'बायको' आणि मुलं यांची माहिती. 'बायको' असं लिहिलं, म्हणजे गव्हर्नर पुरुषच असणार असं गृहीत धरलं. एक शब्द, पण दार बंद. काही लोकांनी घटना न्यायालयात दाद मागितली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायालयाने ती अट रद्द केली. आता बाई गादीवर आली, तर तिला गव्हर्नर होण्यापासून कायदा अडवू शकत नाही. गादीवर कोण, हे मात्र राजवाड्यानेच ठरवायचं आहे. तो दिवस अजून यायचा आहे.

आपल्या घरची गादी

मैत्रिणींनो, आपल्या घरी सिंहासन नाही. पण सातबारा आहे, घराचा उतारा आहे, गुरं आहेत. हिंदू एकत्र कुटुंबातल्या मालमत्तेत लेकीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो साऱ्या देशात लागू झाला. कायदा आपल्याकडेही दार उघडून बसला आहे. तरी किती जणींनी भावाच्या प्रेमापोटी हक्कसोडपत्रावर सही केली, हे ज्याचं त्याने आठवून बघावं.

आम्हाला या गोष्टीतून एक कळलं. नवव्या सुलतानांचं नाव राहिलं, ते ते मुलगा होते म्हणून नाही. कालवा खणला, तिजोरी उघडली, संकटात दरवाजा लावून ठाम उभे राहिले, म्हणून राहिलं. ही कामं करायला मिशी लागत नाही. मांडीवर घेऊन सांभाळणं हेच जर राजाचं काम असेल, तर ते लेकीला जमणार नाही, असं कोण म्हणेल?

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : राजाच्या घरीही लेकीला गादी आपोआप मिळत नाही. तिथेही बापाला ठाम राहावं लागतं, कुणाला तरी कोर्टात जावं लागतं आणि कागदावरचा एकेक शब्द वाचावा लागतो.

पुढच्या बैठकीत गटात या तीन गोष्टींवर बोला :

१. आपल्या घरातल्या कुठल्या कागदावर आपलं नाव आहे? कुठल्यावर असायला हवं?

२. "आपल्यात तशी रीत नाही" असं आपण कुणाकुणाला ऐकवतो? ती रीत कधीपासूनची?

३. सही करण्याआधी कागद कोण वाचून दाखवतं? न वाचता सही केल्याने काय झालं, असा कुणाचा अनुभव आहे का?

जे बोलाल ते आम्हाला नक्की कळवा. फोन करा, नाहीतर बाजाराच्या दिवशी केंद्रावर डोकावून जा, चहा आहेच. भेटू पुढच्या भागात. तोवर लेकींना आणि सुनांना आमचा नमस्कार सांगा.